एक्स्ट्रेमादुरा पहिल्यांदा: गिधाडं, चेरी, रोमन पूल आणि दुपारची झोप

स्पेनच्या सहलीचा आराखडा आपल्याकडे जवळपास ठरलेलाच असतो. बार्सिलोना, माद्रिद, मग सेविया आणि ग्रानादा. या आखणीत पश्चिमेचा, पोर्तुगालला लागून असलेला एक मोठा पट्टा कायम सुटतो. त्याचं नाव एक्स्ट्रेमादुरा. कासेरेस आणि बादाखोस असे दोनच प्रांत. क्षेत्रफळ पुणे जिल्ह्याच्या अडीच पटींहून जास्त आणि माणसं साडेदहा लाखांच्या आसपास. ओकच्या झाडांचे माळ, नद्यांच्या घळी, रोमनांनी बांधलेले पूल आणि चौकाचौकांत दगडी वाडे, असा हा मुलूख आहे.

इथे ठिकाणांची यादी घेऊन येऊ नका. या भागात काय दिसेल हे तुम्ही कुठे जाता यापेक्षा कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जाता यावर जास्त ठरतं. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

१. आधी महिना, मग विमानाचं तिकीट

जुलै-ऑगस्ट टाळा. पारा ४० अंशांच्या वर जातो, गवत वाळून पिवळं पडतं आणि डोंगरात वणव्यांची भीती असते. विदर्भातल्या वाचकांना आकडा ऐकून काही वाटणार नाही, पण इथे ते ऊन रात्री साडेनऊपर्यंत मावळत नाही. शाळांच्या सुट्ट्यांमुळे याच महिन्यांत यावं लागत असेल, तर पायी फिरायचा विचार सोडा. नदीतले डोह आणि मेरिदा या गावातल्या रोमन रंगमंचावरची रात्रीची नाटकं एवढंच धरा.

मार्च अखेर ते मे मध्य हा सर्वांत चांगला काळ. माळ हिरवे असतात, रानफुलं असतात, करकोचे घरट्यांवर असतात. चेरीचा बहर पाहायचा असेल, तर साधारण मार्चचा शेवटचा आणि एप्रिलचा पहिला आठवडा. बहर जेमतेम दोन आठवडे टिकतो आणि थंडी कशी पडली त्यावर पुढेमागे होतो, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर महागडं तिकीट काढू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरही छान: चेस्टनटची जंगलं पिवळी होतात आणि काळी डुकरं ओकची फळं खायला माळावर सोडलेली असतात.

२. कागदपत्रं आणि गाडी

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा घाई करा. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे.

गाडी भाड्याने घ्या, हा माझा स्पष्ट सल्ला. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते. भाड्याच्या गाड्या बहुतेक गिअरच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल, तर नोंदणी करतानाच तसं निवडा, काउंटरवर मागून मिळेलच असं नाही. माद्रिदहून ए-५ हा टोल नसलेला महामार्ग धरला, की सुमारे अडीच तासांत ट्रुहियो. उत्तर-दक्षिण जायला ए-६६ आहे, तोही फुकट.

गाडी चालवायची नसेल, तर माद्रिदहून प्लासेन्सिया, कासेरेस आणि मेरिदाला रेल्वे जाते, ट्रुहियोला फक्त बस. रेल्वेच्या नकाशावर ‘मोन्फ्राग्वे’ नावाचं स्थानक दिसेल. ते पाहून राष्ट्रीय उद्यानाच्या दारात उतरू अशा समजुतीत राहू नका. स्थानक उद्यानापासून चांगलंच दूर आहे आणि तिथे पुढे न्यायला कोणी उभं नसतं.

गावांची नावं विचारताना इंग्रजी जे अक्षराचा उच्चार ह करा आणि दोन एल आले की य. ‘ट्रुजिलो’चं तिकीट मागितलंत, तर खिडकीतला माणूस नुसता बघत राहील.

३. मुक्काम दोनच

एका आठवड्यासाठी दोन तळ पुरतात. पहिले तीन-चार दिवस उत्तरेला, प्लासेन्सियात किंवा हेर्तेच्या खोऱ्यातल्या एखाद्या गावात. इथून डोंगर, डोह, युस्तेचा मठ आणि मोन्फ्राग्वेचं उद्यान जवळ पडतात. उरलेले दिवस ट्रुहियो किंवा कासेरेसमध्ये. इथून ग्वादालुपे, मेरिदा आणि अल्कान्तारा. रोज रात्री नव्या गावात बॅग उघडायची सवय इथे चालत नाही, कारण हॉटेल गावात आत असतं, गाडी गावाबाहेर लावावी लागते आणि मधल्या दगडी गल्ल्यांत चाकांच्या बॅगा ओढताना हात दुखतात.

राहायला ‘कासा रुराल’ म्हणजे गावातलं भाड्याचं घर उत्तम. स्वयंपाकघर मिळतं आणि शाकाहाऱ्यांना त्याची किंमत लवकरच कळते. एक रात्र खर्च करायची तयारी असेल, तर ‘पारादोर’मध्ये, म्हणजे जुन्या वास्तूतल्या सरकारी हॉटेलात राहा. ट्रुहियोतला पारादोर जुन्या मठात आहे आणि हारान्दियातला किल्ल्यासारख्या वाड्यात.

४. दिवसाचं घड्याळ बदला

दुपारी दोन ते पाच दुकानं बंद. जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर. साडेबाराला जेवायला आणि सातला रात्रीच्या जेवणाला गेलात, तर दोन्ही वेळा उपाशी परताल. सोमवारी बरीच संग्रहालयं आणि युस्तेचा मठ बंद असतो, रविवारी दुपारनंतरही बरंच काही मिटलेलं असतं. किराणा शनिवारीच भरून ठेवा.

यावर भांडण्यात अर्थ नाही. सकाळी रानात, दुपारी झोप, संध्याकाळी सहानंतर दगडी गाव. एवढी विभागणी केली, की ऊनही चुकतं, गर्दीही चुकते आणि तिरप्या उन्हात भिंती मधाच्या रंगाच्या दिसतात तेव्हा तुम्ही नेमके चौकात असता.

५. मोन्फ्राग्वे: इथे अख्खा दिवस द्या

मला विचाराल तर साऱ्या प्रदेशातलं एकच ठिकाण निवडायचं असेल, तर हे. ताहो आणि तिएतार या दोन नद्यांच्या संगमाभोवतीचं हे जंगल २००३ मध्ये युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र आणि २००७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. उद्यानात शिरायला तिकीट नाही. आतलं एकुलतं एक गाव बिय्यारेआल दे सान कार्लोस. माहिती केंद्र तिथेच आहे. तिथून रंगांच्या नावाने ओळखले जाणारे पायी मार्ग निघतात. आधी केंद्रात जाऊन नकाशा घ्या आणि वाट कुठे बंद आहे का ते विचारा.

मग साल्तो देल हितानो या रस्त्याकाठच्या कठड्यावर या. समोर नदीपलीकडे पेन्या फाल्कोन नावाचा उभा कडा आहे आणि त्यावर ग्रिफॉन गिधाडांची वसाहत. पहाटे धावपळ करून इथे येण्याचा फायदा नाही. जमीन तापून हवा वर चढू लागेपर्यंत गिधाडं कड्यावर बसून असतात. साधारण दहाच्या सुमारास एकेक करून सुटतात आणि मग तासभर आभाळ त्यांचंच. ग्रिफॉनच्या पंखांचा पल्ला अडीच मीटरच्या आसपास, काळ्या गिधाडाचा जवळजवळ तीन मीटर. जगातल्या काळ्या गिधाडांच्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक इथे आहे. वसंतात काळा करकोचाही कड्यावर घरटं करतो आणि आफ्रिकेतून आलेलं पांढरं गिधाड दिसतं. दुसरा कठडा पोर्तिया देल तिएतार. स्पॅनिश शाही गरुड पाहायचा असेल, तर तिथे धीर धरून बसा.

मराठी पक्षीनिरीक्षकाला इथे थोडं कालवल्यासारखं होतं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे आपल्याकडची गिधाडं १९९०च्या दशकापासून झपाट्याने संपत गेली. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली, पण आभाळ पुन्हा भरलेलं नाही. जे आपल्या आजोबांनी कुठल्याही गावकुसाबाहेर पाहिलं, ते बघायला आपण आठ हजार किलोमीटर येतो.

साल्तो देल हितानोच्या डोक्यावर किल्ला आहे. बुरुजावर चढलात, की गिधाडं डोळ्यांच्या पातळीवरून जातात, पंखांचा आवाज ऐकू येतो. सह्याद्रीत फिरलेल्यांना ही चढण किरकोळ वाटेल. दुर्बीण मात्र हवीच. ८ बाय ४२ची साधी चालते. पाणी गावातूनच भरून घ्या, वाटेवर मिळत नाही.

६. हेर्ते आणि ला वेरा

प्लासेन्सियाच्या ईशान्येला हेर्तेचं खोरं. दोन्ही उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्यांत पंधरा लाखांच्या घरात चेरीची झाडं. बहरात आलात, तर शनिवार-रविवार टाळा; एकच मुख्य रस्ता आहे आणि माद्रिदच्या गाड्या त्यावर खोळंबलेल्या असतात. खालच्या शेतांचा बहर ओसरला असेल, तर वर तोर्नावाकासच्या बाजूला जा, तिथे तो उशिरा येतो. झाडांना हात लावू नका, ती कुणाची तरी शेती आहे. फळं मे ते जुलै.

याच खोऱ्यात गार्गान्ता दे लोस इन्फिएर्नोस हे राखीव क्षेत्र आहे. नवख्यांसाठी तिथली लोस पिलोनेसची वाट योग्य: जाऊन-येऊन साधारण सहा-सात किलोमीटर, चढ मध्यम. शेवटी प्रवाहाने ग्रॅनाइटमध्ये कोरलेले गोल डोह लागतात, पारनेरजवळ निघोजला कुकडीतले रांजणखळगे पाहिले असतील तर तीच करामत, फक्त खडक वेगळा. पाणी वितळलेल्या बर्फाचं, अंग गोठवणारं. ओला ग्रॅनाइट कमालीचा निसरडा असतो, म्हणून उड्या मारू नका आणि तळव्याला पकड असलेले बूट घाला.

डोंगर ओलांडला की ला वेरा हा भाग. पवित्र रोमन सम्राट आणि स्पेनचा राजा असलेला पाचवा चार्ल्स सगळी सत्ता सोडून शेवटचे दिवस काढायला इथे आला. नोव्हेंबर १५५६ मध्ये त्याला तोर्नावाकासहून डोंगरवाटेने पालखीत बसवून हारान्दियाला आणलं, कारण संधिवाताने पाय चालत नव्हते. फेब्रुवारी १५५७ मध्ये तो युस्तेच्या मठाला जोडून बांधलेल्या घरात राहायला गेला आणि २१ सप्टेंबर १५५८ रोजी तिथेच वारला. निम्म्या युरोपाच्या धन्याचं हे घर अगदीच साधं आहे. झोपायच्या खोलीचं दार थेट देवळाच्या वेदीकडे उघडतं, म्हणजे बिछान्यातून प्रार्थना ऐकता यावी. पाय वर ठेवायची सोय असलेली त्याची खुर्चीही दाखवतात.

तोर्नावाकास ते हारान्दिया ही मूळ वाट आज चालता येते, पण ती २७ किलोमीटरच्या आसपास आहे आणि परतायला गाडीची सोय आधी लावावी लागते. पहिल्या भेटीत हारान्दिया ते युस्ते हा सुमारे दहा किलोमीटरचा टप्पा पुरे. वाटेत गावं आहेत, कॉफी मिळते.

ला वेरातून एक वस्तू घ्याच: ओकच्या धुरावर दोन आठवड्यांच्या आसपास वाळवलेल्या मिरचीची पूड, पिमेन्तोन. पत्र्याच्या डब्यात येते. तीन प्रकार असतात, गोड, मध्यम आणि तिखट. तिखट म्हणजे आपल्या घरच्या मिरचीच्या निम्मंही नाही, पण धुराचा वास अस्सल असतो; पिठल्यावर चिमूटभर टाकून बघा.

७. माळावर चालताना

एक्स्ट्रेमादुराचा बराचसा भाग म्हणजे ‘देएसा’: विरळ ओकची झाडं, खाली गवत, त्यात मेंढ्या, गाई आणि काळी डुकरं. हे जंगलही नाही आणि शेतही नाही, माणसाने शेकडो वर्षं राखलेला मधला प्रकार आहे. बुचाच्या ओकची साल दर नऊ वर्षांनी उन्हाळ्यात सोलतात. सोललेला बुंधा लालसर दिसतो.

जमीन बहुतेक खासगी, पण जुन्या मेंढपाळ वाटा सार्वजनिक आहेत आणि १९९५ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. वाटेत फाटक लागलं, तर उघडून जा आणि पुन्हा लावा. जसं सापडलं तसंच सोडायचं हा नियम. मार्गखुणा पांढऱ्या-लाल असतील तर लांब पल्ल्याची वाट, पांढऱ्या-पिवळ्या असतील तर छोटी. फुलीची खूण दिसली, की तुम्ही चुकलात, मागे फिरा. काळा-पांढरा तिरका भाग असलेली लहान पाटी शिकारीच्या राखीव क्षेत्राची असते. साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीत सुट्टीच्या दिवशी ‘मोन्तेरिया’ (मोठी शिकार) लिहिलेली सूचना दिसली, तर त्या वाटेला जाऊ नका. ‘गानादो ब्रावो’ म्हणजे झुंजीचे बैल. तिथे फोटोसाठीही कुंपण ओलांडायचं नाही.

कळपासोबत मोठाले राखणीचे कुत्रे असतात. कळपातून न जाता लांबून वळसा घाला, धावू नका. गवतातून चालताना पायघोळ पँट घाला आणि परतल्यावर अंगावर गोचीड चढलेत का पाहा. क्रायमियन-काँगो तापाचा विषाणू २०१० मध्ये याच भागातल्या गोचिडांत सापडला होता. सिंधुदुर्गातल्या मंडळींना माकडतापामुळे ही सवय असेलच. आणीबाणीचा क्रमांक ११२.

८. दगडी गावं, संध्याकाळी

ट्रुहियोच्या चौकात घोड्यावरचा पिसारो आहे. पेरू जिंकणारा हा माणूस इथला. चौकाच्या कोपऱ्यावरच्या पालासिओ दे ला कोन्किस्ता या वाड्याची कोपऱ्यातली गॅलरी निरखून बघा: पिसारोच्या शेजारी इंका राजकन्या इनेस युपान्कीचाही मुखवटा कोरला आहे. हा वाडा कुणाच्या सोन्यावर उभा राहिला, हे त्या एका दगडात आहे; तिचा भाऊ, सम्राट आताहुआल्पा, याला पिसारोने १५३३ मध्ये ठार केलं. मग किल्ल्यावर चढा आणि सूर्य बुडेपर्यंत थांबा.

कासेरेसची तटबंदीतली वस्ती १९८६ पासून जागतिक वारशात आहे. सरदारांच्या भांडणांना कंटाळून राणी इसाबेलाने त्यांच्या बुरुजांची डोकी उडवायला लावली. करकोच्यांचा बुरूज तेवढा वाचला. नकाशा न घेता भटका. गावापासून थोड्याच अंतरावर लोस बार्रुएकोस आहे: तळ्याकाठी प्रचंड गोल शिळा आणि त्यांवर पांढऱ्या करकोच्यांची घरटी. लहान मुलं असतील, तर चौकापेक्षा इथे जास्त रमतील.

ग्वादालुपेला जायचा रस्ता वळणावळणाचा, पेट्रोल ट्रुहियोतच भरा. मठ (जागतिक वारसा, १९९३) मार्गदर्शकासोबतच दाखवतात आणि बोलणं बहुधा स्पॅनिशमध्ये असतं. तरी जा. सतराव्या शतकातला चित्रकार सुरबारान याने ज्या खोलीसाठी चित्रं काढली, त्याच खोलीत ती आजही टांगलेली आहेत. असं फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतं.

उत्तरेला वेळ उरला, तर ग्रानादिया. १९५५ मध्ये धरणासाठी गाव रिकामं करायचा हुकूम निघाला, लोकांना घालवलं आणि पाणी गावात शिरलंच नाही. तटबंदी, किल्ला, रिकामी घरं तशीच आहेत. धरणग्रस्त या शब्दाचा अर्थ ज्यांना माहीत आहे, त्यांना तिथे वेगळी माहिती लागणार नाही.

९. रोमनांची दोन कामं

मेरिदा इ.स.पू. २५ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलं गेलं. नाट्यगृह, शेजारचं झुंजींचं रिंगण आणि इतर अवशेषांचं एकत्रित तिकीट मिळतं, तेच घ्या. नाट्यगृह उघडताच शिरा, सावली अजिबात नसते. वास्तुविशारद राफाएल मोनेओने बांधलेलं रोमन कलेचं संग्रहालय (१९८६) दुपारसाठी ठेवा. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी प्रवेश फुकट. ग्वादियानावरचा सुमारे आठशे मीटरचा रोमन पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्या प्राचीन रंगमंचावर नाटकं होतात. हा महोत्सव १९३३ साली सुरू झाला. दगडी पायऱ्यांवर बसायला उशी न्या.

अल्कान्ताराचा पूल आडवाटेला आहे, पण चुकवू नका. सम्राट ट्राजनच्या काळात, इ.स. १०६ च्या सुमारास, गायुस जुलियुस लासेरने तो बांधला आणि तो आजही उभा आहे. अलीकडच्या टोकाला गाडी लावा, चालत पलीकडे जा आणि खाली उतरून कमानी बघा. पोर्तुगाल जवळ असल्यामुळे मोबाइल कधी तिकडचा टॉवर पकडतो आणि घड्याळ एक तास मागे जातं. बंद व्हायच्या वेळा हातातल्या घड्याळावर पाहा.

१०. काय खायचं

मांसाहाऱ्यांनी हॅम घेताना लेबलाचा रंग बघावा: काळं म्हणजे ओकची फळं खाल्लेल्या शुद्ध इबेरियन डुकराचं, पांढरं म्हणजे गोठ्यात वाढवलेल्याचं. किमतीतला फरक त्यातून येतो.

शाकाहाऱ्यांची कसोटी आहे. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. हॅम आणि टूना यांना बरेच वाढपी मांस समजत नाहीत. म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून’ (मांस, हॅम, मासे, टूना नको) असं सगळं सांगा. मिगास हा पावाच्या चुऱ्याचा पदार्थ निरुपद्रवी वाटतो, त्यात डुकराचं मांस असतं. गावच्या बेकऱ्यांतल्या बिस्किटांत बहुधा डुकराची चरबी असते; ‘मान्तेका’ हा तिचा शब्द वाचला की ठेवून द्या. पण एक मोठी मेजवानीही आहे. तोर्ता देल कासार हे मेंढीच्या दुधाचं चीज प्राण्याच्या रेनेटऐवजी (वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाऐवजी) रानकाट्याच्या फुलांनी विरजतात. वरचं झाकण कापायचं आणि आतलं मऊ चीज पावाने पुसून खायचं. सोबत भाजलेल्या लाल मिरच्यांचं सोरोन्गोयो मागा, त्यात टूना किंवा अंडं नाही ना एवढं आधी विचारून. अख्खं तोर्ता दोघांना एका बैठकीत संपत नाही. अर्धं मिळतं का विचारा, नाहीतर ते उग्र वासाचं चीज दोन दिवस गाडीत सांभाळावं लागेल.